मिठाच्या पाण्यातली पट्टी

लॉरेन : ...म्हणून विभागाच्या पानावर आता चारच संशोधनक्षेत्रं राहतील. अतिवेगवान उड्डाण, उपग्रह, यंत्रमानव आणि बॅटऱ्या.

सेमिसी : आणि धातूंचा थकवा?

लॉरेन : काढला. विभागप्रमुख म्हणून मलाच काढावा लागला. त्यात तू एकटाच उरला होतास, सेमिसी. एका माणसाचं क्षेत्र नसतं, छंद असतो.

सेमिसी : पण लॉरेन, माझ्या पीएचडीला तुम्हीच मार्गदर्शक आहात. फक्त विमानाच्या धातूची ती पट्टी वाकून वाकून तुटेपर्यंत थांबा. चौदा महिने यंत्र तिला मिठाच्या पाण्यात वाकवतंय, दर दोन सेकंदांनी एकदा. आमच्या टोंगा बेटांवर विमानं कायम समुद्रावरूनच उडतात. खाऱ्या हवेत त्यांचा पंख किती टिकतो, हे मोजायचंय मला.

लॉरेन : डूगल बोलला नाही वाटतं तुझ्याशी. डूगल, आत ये जरा.

(प्रयोगशाळेचा जुना तंत्रज्ञ डूगल दारातून आत येतो.)

डूगल : शुक्रवारी बंद केलं बाबा यंत्र. पैसा देणारे पाहुणे यायचे होते. खडखडाट नको म्हणाल्या ह्या.

सेमिसी : शुक्रवारी मी आजीच्या मयताला होतो.

लॉरेन : रजा मीच दिली होती की. तू इथं असतास तर उगाच तमाशा झाला असता.

सेमिसी : परत चालू करता येईल?

डूगल : पाणी काढून टाकलं रे. पट्टी वाळली, तिच्या तड्यात गंज धरला. आता कुठलाही आकडा आला तरी खोटाच.

लॉरेन : हे बघ, एम.फिल.चा अर्ज भर, पीएचडी नाही तर तेवढी पदवी मिळेल. आणि उद्या दहाला ये, नव्या प्रयोगशाळेचा फोटो आहे. पाहुण्यांना बेटांवरचा एखादा चेहरा हवाय.

सेमिसी : माझा?

लॉरेन : दुसरा आहे कुठे आपल्याकडे? नीट इस्त्रीचा शर्ट घाल. मला बैठकीला जायचंय. निघताना दार ओढून घ्या.

डूगल : ...गेली. लिफ्टमध्ये शिरली.

सेमिसी : तुम्ही नाही म्हणालात का, डूगल?

डूगल : निवृत्तीला दोन वर्षं उरलीत माझ्या.

सेमिसी : म्हणजे नाही म्हणाला नाहीत.

डूगल : नाही. बटण दाबलं नि जेवायला गेलो. पट्टी ठेवलीय मी, टाकली नाही. ही घे.

सेमिसी : किती वेळा वाकून झाली होती?

डूगल : एक कोटी ऐंशी लाखांच्या वर. वहीत लिहून ठेवलंय.

सेमिसी : तडा बघा. नखाएवढासुद्धा नाही.

डूगल : अजून किती टिकली असती रे?

सेमिसी : तेच तर बघत होतो.