वहिनींचं झाड

वादळानंतर गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा टँकर आला. पाण्याच्या रांगेत मास्तर वर्तमानपत्र उघडून उभे होते आणि पुढच्या दोघा शेजाऱ्यांचं बोलणं वाचत होते.

“वहिनी, तुमचं झाड पडलं, जिवाला लागलं हो.”

“लागणारच. तुमच्या गाडीला ऐसपैस जागा झाली.”

“वादळापुढे कुणाचं चालतं?”

“खरंय. पण मुळं जमिनीतच आहेत, आणि बुंधा कसा सपाट!”

“पालिकेच्या पथकानं कापला असेल.”

“पथक अजून आपल्या गल्लीत शिरलेलंच नाही, भाऊजी. ह्यांच्या हातचं तेवढं एकच झाड उरलं होतं.”

“मग वीज पडली असेल.”

“असेल. येताना करवत घेऊन आली असेल.”

“वहिनी, तुम्ही व्हा ना पुढे.”

“नको. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोरच राहा.”