माहीमची पुढची गाडी

पालघर स्टँडवर जमना रिकामी पाटी घेऊन जवळच्या माहीम गावाच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या जोडप्याचं बोलणं ऐकता ऐकता तिचे डोळे जड झाले होते.

"बोईसरच्या खोलीत ना पाणी, ना वीज. बाळंतपणापर्यंत मी माहीमला आईकडेच बरी."

"मग माझे प्रोग्राम कोण वाचून दाखवणार?"

"कंपनीत कॉम्प्युटर आहे की."

"वीज असेल तेवढाच वेळ. चुका आधी कागदावरच शोधाव्या लागतात."

"मी वाचते आणि तुम्ही डोळे मिटून घोरता."

"घोरत नाही, मनात चालवून बघतो. खाडीत भरती चढते तशी एकेक ओळ आत येते. चूक असली की पाणी तिथंच अडतं."

"आणि मी नसले की?"

"मग नुसतीच रेती दिसते."

गाडी लागली.

"चल पोरी, पिशवी दे. जागा धरते," जमना म्हणाली.

"तुम्ही चढा, मावशी. मी पुढच्या गाडीनं येते. अहो, उद्याच्या प्रोग्रामचा कागद काढा. मिटा डोळे."

जमना उठता उठता पुन्हा बसली.

"आमाला पन घाई नाय. वाच तू."

आणि तिनंही डोळे मिटले.