घंटा झाली की थांबायचं

दुपारपर्यंत मौन असल्यामुळे गावाबाहेरच्या बौद्ध विहारातली भिक्षुणी आन त्या फ्रेंच खेड्यातल्या बेकरीच्या रांगेत, बोटानेच पाव दाखवायचा असं ठरवून उभी होती. पुढे छपरं शाकारणाऱ्या फेर्नांची बायको ओदिल बेकरीवाल्या जिनेतशी बोलत होती.

“अगं, यांनी विहाराचं छप्पर शाकारलं ना, तेव्हापासून भलतीच सवय लागलीय. तिथं घंटा झाली की सगळे हातातलं काम सोडून तीन श्वास गप्प उभे राहतात.”

“मग बरंच की!”

“कसलं बरं! गेल्या आठवड्यात बांधावरच्या अक्रोडाच्या झाडावरून थोरल्या भावजींशी कडाक्याचं भांडण चाललेलं. तेवढ्यात चर्चची घंटा झाली, आणि हे तोंड उघडं ठेवून पुतळाच!”

“अगंबाई!”

“भावजींना वाटलं, झटका आला. धावत येऊन मिठीच मारली. वर्षानुवर्षं भांडणाशिवाय न बोलणारा माणूस, आता रोज सूप घेऊन येतोय.”

“खरं सांगितलं नाहीत?”

“मी म्हटलं, गप्प बसा, नाहीतर पुन्हा कुऱ्हाडी निघतील. पण हे ऐकतील तर ना! विहारात खोटं चालत नाही म्हणे. आज सांगून टाकलं.”

भिक्षुणी आनने डोळे मिटून घेतले.

“चिडले असतील!”

“चिडले? ‘गाढवा, तुझ्यासाठी मी मेणबत्ती लावली चर्चमध्ये!’ म्हणून टेबल बडवलं.”

“आणि गेले निघून?”

“कुठले जाताहेत! शिव्या देतादेताच तीन ताटल्या मांडल्या त्यांनी. मोठा पाव दे बाई, लवकर.”