इक्वलायझर आणि नामामामांचा टेम्पो

इक्वलायझर कसा लावायचा ते मला नका रे शिकवू! आमच्या कोळीगीतांच्या कॅसेटचं मिक्सिंग मी पनवेलला घरीच केलं होतं. घरच्या स्पीकरवर ढोलकी अशी घुमायची की मीच खूश. मग ती कॅसेट शेजारच्या नामामामांच्या टेम्पोत लावली. पळस्पे आलं तरी मामा विचारतायत, "गानं कवा चालू होनार?" गाणं अर्धं संपलं होतं! इंजिनाच्या घरघरीत नुसती ढोलकी मिसळत होती. घरी येऊन इक्वलायझरवर ढोलकीचा बेस खाली ओढला, गायिकेचा आवाज वर काढला, पुन्हा टेम्पोत. पाचव्या फेरीला मामा गुणगुणायला लागले.

पुढे मुंबईच्या एका रेकॉर्डिस्टने कॅसेट ऐकून विचारलं, "शब्द न् शब्द कळतोय! मास्टरिंग कुठल्या स्टुडिओत केलंत?"

म्हटलं, "पळस्पे फाट्यावर. इंजिन चालू ठेवून."