उजव्या हातातली सुरी

जुनेद : काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. पुन्हा धर.

सुदर्शन : घसरते रे. तिच्या पाठीवर जे बोट टेकवायचं म्हणतोस, तेच तर नाय मला.

जुनेद : दोन वर्षं झाली, तरी विसरतो मी, यार. मग उलटं धर. या हॉटेलात रोज कितीतरी लोक उलटं धरतात. वाढणारे आम्ही, काय म्हणणार?

सुदर्शन : सुरीची भीती नाय, जुनेद. हाताची आहे. माझ्याआधी तो बोलतो. पुण्याच्या मॅडम ऑर्डर द्यायच्या आधी कारखाना बघणार, त्याआधी हे जेवण. साहेब म्हणाले, क्वालिटीचा माणूस म्हणून शेजारी बस, पण उजवा हात टेबलाखाली ठेव.

जुनेद : टेबलाखाली हात ठेवून कोण जेवतं, मियाँ?

सुदर्शन : आणि विचारलंच तर सांगायचं, गावी कडबा कुट्टीत गेली बोटं.

जुनेद : व्हय? आणि चार नंबरची प्रेस?

सुदर्शन : तिचा सेन्सर अजून बंदच आहे. हात आत असला तर मशीन थांबवणारा. चालू ठेवला की माल कमी निघतो. आता तिथं सम्यक बसतो. काम करताना शीळ घालतो तो. मी लांबून जातो, तरी ऐकू येते. ज्या दिवशी येणार नाय, त्या दिवसाचं भय वाटतं मला.

जुनेद : मग सांग ना मॅडमना.

सुदर्शन : ऑर्डर गेली तर साठ जणांचं काम जाईल. माझं तर सगळ्यात आधी. साहेबांनी प्रेसवरून उचलून खुर्ची दिली, ती गप्प बसायची. आठ बोटांच्या माणसाला चिकलठाण्यात दुसरीकडं कोण उभं करेल?

जुनेद : पाणी पी. उजवीकडचा ग्लास तुझा. हा नॅपकिन मांडीवर घे. मध्येच उठावं लागलं तर खुर्चीवर ठेवायचा. टेबलावर ठेवलास तर जेवण झालं असं समजून आम्ही प्लेट उचलतो.

सुदर्शन : आणि त्यांनी हात पुढं केला तर?

जुनेद : उजवाच द्यावा लागतो.

सुदर्शन : नमस्कार केला तर?

जुनेद : त्यात तर दोन्ही दिसतील, भाई.

(काचेचं दार ढकलून मंजुषा आत येते. सुदर्शन उठून उभा राहतो.)

मंजुषा : क्वालिटीचे सुदर्शन आपणच ना? मी मंजुषा, पुण्याहून आलेय. तुमचे साहेब पोर्चमध्ये फोनवर आहेत, म्हणाले आत बसा.

सुदर्शन : या, मॅडम. बसा ना.

मंजुषा : आधी हात तर मिळवू. अहो, डावा काय देताय?

(सुदर्शन डावा हात मागे घेऊन उजवा पुढे करतो.)

मंजुषा : अरे! हे कशानं झालं?

सुदर्शन : गावी, मॅडम. कडबा...

जुनेद : मॅडम, सूप आणू?

मंजुषा : थांबा जरा. ते काहीतरी सांगतायत.

सुदर्शन : गावी नाही, मॅडम. आमच्याच कारखान्यात, चार नंबरच्या प्रेसवर. सेन्सर बंद होता. आजही बंद आहे.

मंजुषा : आज तिथं कोण आहे?

सुदर्शन : सम्यक. एक वाजता जेवणाची सुट्टी संपली की पुन्हा बसेल.

मंजुषा : आता बारा चाळीस झालेत. सूप राहू द्या. चला, ती प्रेस आधी दाखवा मला.

सुदर्शन : साहेब दारातच उभे असतील, मॅडम.

मंजुषा : असू देत. त्यांच्या समोरूनच जाऊ.

सुदर्शन : जुनेद, हा नॅपकिन...

जुनेद : टेबलावर नको. खुर्चीवर ठेव. तुझी प्लेट मी उचलत नाय.