एक आकडा सांगा

मान वर. अजून थोडी. हं, बास. आता सांगा, काय होणार शेवटी? बोलू नका हो, वस्तरा गळ्यावर आहे! बोटं दाखवा. एक म्हातारा सलूनवाला, त्याची सून, सुनेची आठ महिन्यांची पोरगी आणि पोरीला ताप — एवढं सांगितलं की नाही तुम्हाला? मग पोरगी जगली वाटत असेल तर एक बोट, गेली वाटत असेल तर दोन. ओळखलंत तर दाढी फुकट. एक? नक्की ना? मन मोठं आहे तुमचं. — दारात काय बघताय? ती आमची मुंगी. कंगवे मांडते, मोडते, परत मांडते. गोष्टीतली ती नाही, ही मोठी आहे. इकडे आरशात बघा.

तर हा म्हातारा, माझ्या ओळखीतला, महा वात्रट. गिऱ्हाइकाची अर्धी मिशी काढायची आणि चहा प्यायला निघून जायचं. सुनेच्या डब्यात रबराची पाल. ती किंचाळली की ह्याला जेवण गोड लागायचं. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने पत्ता नाही. सून मटारच्या कारखान्यात — ते गोठवलेले मटार असतात ना, पाकिटात भरायचे, दिवसभर हात बर्फात. त्या आठवड्यात मोठं काम आलेलं, जी रजा मागेल ती घरी बसेल, कायमची. आणि नेमका सोमवारी पोरीला ताप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध द्या, दिवसातून चार वेळा ताप मोजा, कागदावर लिहा, गुरुवारी कागद आणून दाखवा. तुम्ही म्हणाल, आईला थर्मामीटर कशाला लागतो? कपाळाला हात लावला की कळतं. हिला नाही कळायचं! हात असे गारठलेले की तिला सगळं जगच तापलेलं लागायचं. चहाच्या कपालासुद्धा एकशे चार! — हसा की. हळू हसा, कापेल.

कागद तिने झकास केला. पट्टीने रेघा, वार, वेळ, भिंतीला चिकटवला. म्हाताऱ्याला अक्षर येत नाही पण आकडे येतात — धंदा आहे, यावेच लागतात. म्हणाली, "बाबा, एवढं कराल ना? माझा फोन कपाटात असतो, जेवणाच्या सुट्टीतच देतात, तेव्हा करीन." करीन म्हणाला. आणि मंगळवारी सकाळी, ती चपला घालत होती, तर ह्याने काय केलं? दाढीचं गरम पाणी असतं ना मगात — त्यात थर्मामीटर बुडवला आणि तिच्या नाकासमोर धरला. एकशे सहा! पिशवी पडली, डबा उघडला, बाई मटकन खाली बसली, तोंड पांढरंफटक. आणि हा पोट धरून हसतोय. तीही हसली शेवटी. हसली म्हणजे — रडत होती, पण ओठ हसत होते. "बाबा, पुन्हा नका हं करू असं." मग तर करायलाच पाहिजे! बुधवारी परत बुडवला. पाणी नुकतं उकळलेलं. फट्! पारा मगात, काच बोटात. ती आतून विचारतेय, "किती आहे हो बाबा?" आता काय सांगायचं? फोडला म्हणायचं? रोज त्या दमलेल्या तोंडाने "बाबा, बाबा" करणारीची बोलणी खायची, ह्या वयात? म्हणालो, "शंभर." — म्हणाला. म्हातारा म्हणाला, "शंभर." तिने उसासा टाकला, चपला घातल्या आणि गेली. तुकडे रुमालात बांधून ह्या खणात —

कशाला वळताय? एका खणासारखे शंभर खण असतात. मान सरळ.

आणि सांगतो तुम्हाला, मजा यायला लागली. दिवसाला चार आकडे कुठून आणायचे? खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "साहेब, अठ्ठ्याण्णव ते एकशे एक, एक आकडा सांगा." लोकांना वाटायचं सोडत आहे! एक जण म्हणाला, नव्व्याण्णव, लागला तर निम्मे माझे. लिहिला नव्व्याण्णव. एकदा वर, एकदा खाली, खरं वाटलं पाहिजे ना. संध्याकाळी ती यायची, पोरीला हात लावायची — "बाबा, फार गरम लागतेय." "तुझे हात बघ आधी, मढ्यासारखे गार." "थर्मामीटर द्या बघू." "आत्ता लावला, आत्ता झोपलीय, उठवतेस कशाला?" मग कागदाकडे बघायची. हातापेक्षा कागद खरा. गुरुवारी काम सुटल्यावर परस्पर एकटीच गेली कागद घेऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान उतरतोय, तेच औषध द्या, आणि किती व्यवस्थित लिहिलंय हो! घरी येऊन माझ्या पाया पडली. शुक्रवारी पोरगी रडायची थांबली. मला वाटलं, शहाणी झाली. मान जरा ताठ धरत होती. मी म्हणलं, आजोबांवर गेलीय, ताठ मानेची.

शनिवारी आकडी आली. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, ताप मेंदूत गेला, दोन दिवस आधी आणायला हवी होती. कागद बघून तेही चक्रावले. मुलगा फोनवर ओरडला, "आई ना तू? हात लावून कळलं नाही?" ती म्हणाली, "माझे हात गार असतात." एवढंच. मी शेजारी होतो. मी म्हणलं, "जाऊ दे रे, दमलेली होती." बघा, बाजू घेतली की नाही तिची? काम सोडलं तिने. आता पोरीला उचलायच्या आधी दोन्ही हात कढत पाण्यात धरते, लाल होईपर्यंत. मी तिला चिडवतो, "अगं, उकडून खाणार आहेस का हात?" हसते. तेच, ओठांनी.

काय झालं? घाम कशाला आला? झालं, पुसतो. उठा. पैसे ठेवा खिशात, एकच बोट दाखवलंत, जिंकलात तुम्ही. जगली.

अहो, तिला मागून काय हाका मारताय? समोर जा, समोर जाऊन हात हलवा. मागून तिला तोफ उडवलीत तरी नाही बघायची ती.