संगनमत

माझं माहेर लोणी काळभोरचं. बाप कारखान्याच्या ट्रॅक्टरवर डायवर, म्हंजी ष्टेरिंग घरातच व्हतं म्हना, पर पोरीच्या हातात कोन देनार. लगीन करून हडपसरला आले. आमच्या मालकांची टूरिस्ट गाडी व्हती, पिवळ्या पाटीची, चांगली चालायची. मंग त्यांना साखर झाली, त्या साखरंनं डोळं नेलं. गाडी दारात उभी आन् मानूस घरात बसून. मंग मी शिकले. भावकीत म्हनले, बाईमानूस टॅक्सी चालीवनार का, म्हनलं बाईमानसाला पोट नसतंय का. आता लई वरसं झाली. माझं गिऱ्हाईक बहुतेक म्हातारी मानसं, कुनाला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं, कुनाला डायलिसिसला. हाताला धरून उतरवते, म्हनून मलाच बोलवत्यात.

तर काय सांगू तुमाला, स्वारगेटला झालं. दुपारची येळ, ऊन असं की काच तापलेली. एका आजींना सोडून रिकामी परत चाललेली. शिग्नल सुटला, म्होरची स्कूटर निघाली आन् मधीच बंद पडली. माझा पाय ब्रेकवरनं उचलला गेला व्हता. जोरात न्हाई ओ, नुस्ता धक्का. पर मागं बसलेली बाई हातावर पडली. उतरले तर ती रस्त्यात बसलेली, उजवा हात मांडीवर घेऊन, आन् मागनं बसवाला हॉर्न मारतोय. मी तिथंच वाकले, तिला उचलायला. तर ती बाई मला म्हनली, अहो, तुम्ही आधी गाडी बाजूला घ्या, आपण दोघी इथेच मरू. असं बोलनं. त्या मंदाताई.

दोघांना गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं व्हतं. स्कूटर चालवत व्हते ते त्यांचे मिस्टर, कदमसाहेब, सरकारी हापिसातनं रिटायर, लई शांत मानूस. मी म्हनलं साहेब, चूक माझी हाय, तुमी पोलिसात जावा. तर म्हनले, कशाला, चूक माणसाकडून होते, तुम्ही पळाला नाहीत हे पुष्कळ. मंदाताई घरी ब्लाउज शिवायच्या, निस्तं ब्लाउज न्हाई, वर आरी वर्क, जरी-मन्यांचं भरतकाम, लगनाचं. त्या दिवशी त्यांना त्याचीच काळजी, कुन्या नवरीचं काम अर्धं राहिलं म्हनून.

मी इन्शुरन्सवाल्याला फोन केला. त्यो गॅरेजात आला, वाकून बंपरचं फोटो काढलं, दिवा फुटलेला त्याचं काढलं, एवढूसा ओरखडा व्हता त्याचंबी काढलं. म्हनलं साहेब, त्या बाईंचा हात मोडलाय, त्याचं कसं. म्हनला, मी फक्त गाडी बघतो. आन् खरं सांगते, गाडी आठवड्यात घरी आली, नवा बंपर, नवा दिवा, पहिल्यापेक्षा चकचकीत. मला लाज वाटली तिच्यात बसायला.

मी जायची त्यांच्याकडं. वाघोलीला घर हाय त्यांचं, दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाचा फोटो, खिडकीत मशीन. कंदी भाकरी, कंदी पिठलं घेऊन जायची, कारन कदमसाहेबांना सैपाक येत न्हवता. मंदाताई म्हनायच्या, तुम्ही मला पाडलंत ते बरं झालं, त्यामुळे तरी ह्यांच्या हाताला चव नाही ते कळलं. हसायच्या. मीबी हसायची. मला दोन भावच, बहीन न्हाई. तिथं जाऊन बसलं की बरं वाटायचं.

मंग प्लास्टर काढलं. हाड वाकडं बसलेलं. बोटं मिटंनात. डॉक्टर म्हनले आपरेशन लागंल, त्याचीबी खात्री न्हाई. त्या दिवशी मंदाताई हसल्या न्हाईत. कातर घेऊन बसल्या व्हत्या, ती बोटात बसंना, पडायची, परत उचलायच्या, परत पडायची. शेवटी कदमसाहेबांनी कातर कपाटात ठिवली.

मंग ते माझ्याकडं आले. खुर्चीवर बसंचनात. म्हनले, ताई, कसं सांगू, विचारून आलो, धडक देणाऱ्या गाडीच्या इन्शुरन्स कंपनीकडून भरपाई कोर्टातून मिळते, पण पोलिसात तुमच्या नावाची तक्रार नसेल तर कंपनी दारात उभं करत नाही. आमच्या मालकांना दिसत न्हाई पर ऐकू येतं, ते आतनं म्हनले, मंग करा की तक्रार, तिनंच ठोकलंय. मी म्हनलं चला, मीच येते. माझ्याच गाडीत बसवून नेलं त्यांना चौकीला. हवालदार हसाय लागला. म्हनला, मी एवढी वर्षं नोकरी केली, फिर्यादीला आरोपीने आणून सोडलेलं पहिल्यांदा बघतोय.

त्याचं त्येव्हा आमालाबी हसू आलं. काय ठावं पुढं काय हाय.

कोर्टात केस लागली. एका बाजूला मंदाताई, दुसऱ्या बाजूला मी आन् माझी इन्शुरन्स कंपनी. कंपनीचा वकील मला माझाच वाटला. बाहेर घेतलं, म्हनला, मॅडम, तुम्ही सांगायचं, स्कूटरवाला अचानक आडवा आला. म्हनलं तो कुठं आडवा आला, माझा पाय सुटला. म्हनला, तुम्हाला कळत नाहीये. म्हनलं मला शपथ घ्यायचीय न्हवं का, मंग.

उभी राहिले आन् जे झालं ते सांगितलं. मला वाटलं, झालं, आता जजसाहेब भरपाई लिहितील आन् मंदाताईंचं आपरेशन व्हईल. तर कंपनीचा तोच वकील उठला. गोड बोलायला लागला. चौकीत कुणाच्या गाडीतून गेलात. माझ्या. तक्रार एवढी उशिरा का. आधी त्यांना करायची न्हवती. तुम्ही यांच्या घरी जाता. जाते की. डबा नेता. नेते. मंदाताईंनाबी त्येच इचारलं. त्यांनीबी हो म्हनलं, खोटं कशाला बोलतील. मंग तो जजसाहेबांकडं वळून म्हनला, हे संगनमत आहे. मला शबुद कळला न्हाई. बाहेर आल्यावर कदमसाहेबांना इचारलं. ते चष्मा पुसत म्हनले, आपण मिळून कंपनीला फसवतोय, असं त्यांचं म्हणणं आहे.

आता बघा. आमी भांडलो असतो, एकमेकींच्या झिंज्या धरल्या असत्या, तर समदं खरं ठरलं असतं. गोडीत राहिलो म्हनून खोटं. हाड मोडलंय ते फोटोत दिसतंय, तरी खोटं.

मंदाताईंच्या वकिलानं सांगितलं, केस संपेपर्यंत या बाईला भेटायचं नाही, फोन नाही, काही नाही. कदमसाहेबांनीच फोन करून सांगितलं मला, आन् तो शेवटचा फोन. मी जायचं बंद केलं. वाघोलीकडचं भाडं आलं तरी घेत न्हाई. पैशावाचून आपरेशन राहिलंच. जेवढं लांबंल तेवढं हाड पक्कं व्हतंय म्हनं, मंग काय उपेग.

गेल्या तारखंला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठ पडली. गाठ कसली, त्या त्या बाकड्यावर, मी ह्या बाकड्यावर. कदमसाहेब आत गेलेले. मंदाताईंनी पिशवीतनं पान्याची बाटली काढली. नवी बाटली, झाकन घट्ट. काखेत दाबून डाव्या हातानं पिळायला लागल्या. निघंना. दातानं धरलं. माझा हात पुढं झाला, आपोआप. तेवढ्यात दिसलं, कंपनीचा वकील दारात उभा, आमच्याकडंच बघतोय. मी हात खाली घेतला. मंदाताईंनीबी बघितलं, माझ्याकडं न्हाई, त्याच्याकडं. मंग बाटली तशीच पिशवीत ठिवली आन् पदर तोंडाला लावून बसल्या.

अजून निकाल न्हाई. गाडी चालवते, मानसं ने-आन करते. तुमी हे लिवताय तर लिवा, पर माझं खरं नाव नगा घालू, त्यांचंबी नगा, उगा कंपनीवाले तेच पुढं करतील. देव त्या माऊलीचा हात बरा करो. माझं काय, मला तोंड फिरवून बसायला आता जमतंय.